‘म्ह’ अखेर ‘म्ह’ वाजला

‘म्हणे’ आता ‘म्हणे’च ऐकू येतं! मावशीच्या ओव्या एलपीसीतून (आवाजाचा उगम आणि तोंडाचा फिल्टर वेगळे करून आवाज पुन्हा घडवायचं तंत्र) काढल्या की ‘म्हणे’चं ‘मणे’ आणि ‘भाऊ’चं ‘बाऊ’ होत होतं, ते काल रात्री सुटलं.

सीसाउंड या ध्वनिनिर्मितीच्या प्रोग्रामच्या नेहमीच्या कृतीत प्रत्येक फ्रेमला, म्हणजे आवाजाच्या छोट्या तुकड्याला, एकच प्रश्न असतो: घोष की अघोष, स्वरतंतू थरथरतात की नाही? फिल्टरच्या अंदाजातली चूक, म्हणजे एरर, ०.३ च्या वर गेली की नॉइज (हवेची खरखर), नाहीतर पल्स (स्वरतंतूंचे ठोके). स आणि श त्यात बिनघोर निघतात. पण म्ह, न्ह, भ, घ म्हणताना स्वरतंतू थरथरत असतात आणि त्याच वेळी हवाही निसटत असते. थ्रेशोल्ड खाली आणला तर स्विच फडफडतो आणि ‘उन्हात’मध्ये खरखर येते. पोल (फिल्टरचे अनुनादबिंदू) वाढवले, फ्रेम लहान केली, काडीचा फरक नाही. दुखणं फिल्टरचं नव्हतंच, उगमाचं होतं.

म्हणून स्विचच काढून टाकला. पल्स आणि नॉइज दोन्ही कायम चालू, बदलतं ते फक्त प्रमाण. श्वास मिसळला की पहिला हार्मोनिक (मूळ सूर) दुसऱ्यापेक्षा वर चढतो. तो डेसिबलमधला फरक प्राट या ध्वनिविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधून काढून प्रमाणाला जोडला. (या मोजमापाला प्राटच. महागड्या प्लगइनांच्या नादी लागू नका.) नॉइज २ किलोहर्ट्झच्या वरच सोडला. तरीही शेजारी बसून कुणीतरी फुंकर घालतंय असं वाटायचं. मग नॉइजची पातळी प्रत्येक पल्सबरोबर वरखाली केली आणि दोन्ही एकजीव झाले. ‘म्हणे’ कितीदा ऐकलं याला गणती नाही. त्या ‘म्ह’मध्ये मावशी आहे.

एक कोडं उरलंय. ‘मी’, ‘तू’ यांतही उगाच श्वास शिरतो, कारण ई-ऊचा पहिला फॉर्मंट (तोंडाच्या पोकळीचा अनुनाद) खाली असतो आणि पहिल्या हार्मोनिकलाच उचलतो. फरक रेसिड्यूअलवर (फिल्टर काढून उरलेल्या उगमावर) मोजल्यावर बरंच सुधारलं, पण वरच्या पट्टीत पोल थेट हार्मोनिकवर जाऊन बसतो आणि आकडा पुन्हा खोटा येतो. यावर कुणाकडे उपाय असेल तर हवाच आहे.

अमेरिकन संगीतकार पॉल लान्स्कीने १९८५ च्या ‘आयडल चॅटर’मध्ये पत्नीच्या आवाजातल्या अक्षरांचा गलबला केला. तिथे शब्द कळावा असा हट्टच नाही. माझाही बेत आठ चॅनलांवर तसाच गलबला करायचा होता, पण आता ओवी शब्दासकट ऐकू येतेय तर ती मोडवत नाही.

आणि हे लिहिता लिहिता सुचलं: पांढरा नॉइज हवाच कशाला? जात्याच्या घरघरीचा वेगळा टेक आहे माझ्याकडे. तिचा स्पेक्ट्रम सपाट करून नॉइजच्या जागी घातला, तर प्रत्येक महाप्राणात दगड फिरेल. टेक ४८ किलोहर्ट्झचा आहे आणि ओव्या ४४.१ च्या. गलबला बाजूला ठेवून आधी दोन्ही एका सॅम्पलिंग दरावर आणतो.