तुम्ही विचारलंत म्हणून: अप्रेंटिसशिप केलीस, मग कंपनीनं ठेवलं का नाही?

गणपतीला आलेले चाकरमानी दरवर्षी हेच विचारतात. यंदा भर पडली, "आमच्या पोराला पाठवू की नको?"

ठेवलं नाही, कारण ठेवायला ते बांधील नव्हते. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार कामगार नव्हे. करारात तसं लिहिलेलं नसेल तर मुदत संपल्यावर नोकरी देण्याची सक्ती नाही. सही करताना हे मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी कानात शिरलं नसतं म्हणा, घरी पेढे वाटून झाले होते.

लोटे एमआयडीसीतल्या त्या कंपनीतला शेवटचा दिवस. सकाळी पंपाचं ग्लँड पॅकिंग, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती गळती अडवणारी दोरी, बदललं. जुनी दोरी हुकानं ओढून काढायची, नव्या रिंगा कापायच्या, एकीचा सांधा दुसरीच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. फिटरकाका त्या दिवशी बघायला थांबलेसुद्धा नाहीत. पंप सुरू केला, गळायला हवा तेवढाच थेंब थेंब गळला. दुपारी टाइम ऑफिसात हेल्मेट, बूट, गेटपास जमा करून घेतले. साहेब म्हणाले, "काम चांगलंय तुझं. उद्यापासून ठेकेदाराकडून ये."

तोच पंप, तेच काका, फक्त कार्ड ठेकेदाराचं! नाही म्हटलं. बाबा कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तेव्हा मी गावभर सांगत सुटलो होतो, फुकट राबवलं. फुकट कसलं, विद्यावेतन मिळत होतं. आणि आज रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासेमारी ट्रॉलरच्या शाफ्टचं पॅकिंग भरतो, ते तिथलंच शिक्षण. पण म्हणून ठेकेदारीचा तो डाव बरोबर होता, हे माझ्याकडून वदवून घेऊ नका.

पोराला पाठवायचंच तर अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदणी करा, आयटीआयमधल्या बीटीआरआयला, म्हणजे अप्रेंटिसशिपचं काम बघणाऱ्या केंद्राला, विचारा. महावितरण, एसटी आयटीआयवाल्यांना घेतात. कोकण रेल्वे पदवी-डिप्लोमावाल्यांना. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात, तेव्हा "जागा नाही" ऐकून लगेच परत फिरू नका. २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन शिक्षणानुसार ५,००० ते ९,००० रुपये ठरलं. करार पोर्टलवर नोंदलाय का, ते आधी बघा. नोंद नसेल तर ती नुसती मजुरी.

ठेकेदाराकडे गेला असतास तर आज परमनंट असतास, हे बाबांचं अजून चालूच आहे. माझ्या बॅचचे दोघे गेले होते. एक परमनंट झाला, दुसरा अजून ठेकेदाराच्याच कार्डावर आहे. वाद निघाला की बाबा पहिल्याचं नाव घेतात, मी दुसऱ्याचं.