रात्रीची करकर

मी झोपेत दात खाते, हे मला थोरल्या जाऊबाईंकडून कळलं. नवऱ्याला स्वतःच्या घोरण्यापुढे काही ऐकू येत नाही. गौरींच्या वेळी आम्ही बायका माजघरात ओळीने झोपलो होतो. सकाळी चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या, “अगं, रात्रभर काय करकर चालली होती तुझी! मला वाटलं, उंदीर फळी कुरतडतोय.” सासूबाईंचं निदान तयारच होतं: पोटात जंत. वयाच्या ४४व्या वर्षी मला वावडिंगाचा काढा मिळाला. प्यायले. गौरी घरात असताना वाद कोण घालणार!

चार महिन्यांनी डावीकडची दाढ मोडली, तीही गुरगुट्या भाताने. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “भाताला बोल लावू नका. तडा तुम्हीच पाडून ठेवला होता.” जंतांचं सांगितल्यावर त्या नुसत्या हसल्या. मग हातात आरसा दिला. सुळ्यांची टोकं पार सपाट. दाढांच्या माथ्यावर पिवळे ठिपके, म्हणजे वरचं इनॅमल झिजून आतलं डेंटीन उघडं पडलेलं. इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, पण त्यात जिवंत पेशी नसतात. मोडलेलं हाड जुळतं, हे एकदा गेलं की गेलं. जिभेच्या कडेला दातांचे ठसे, कातलेल्या करंजीसारखे. सकाळी कानशिलं ठणकायची म्हणून मी दोनदा चष्म्याचा नंबर बदलून घेतला होता. जबडा रुंद झाला तो चावण्याचे स्नायू फुगून. मी मात्र वजन वाढलं समजून वर्षभर गोड सोडलं होतं. त्या वर्षीच्या पुरणपोळ्या कोण भरून देणार?

रूट कॅनाल झालं, कॅप बसली आणि नाइट गार्ड आलं, म्हणजे झोपताना दातांवर चढवायचं प्लॅस्टिकचं आवरण. मुलगा त्याला ‘आईची कवळी’ म्हणतो. गार्डने खोड जात नाही, दाताऐवजी प्लॅस्टिक झिजतं इतकंच. सहा महिन्यांत त्यावर चरे पडलेत.

डॉक्टरीणबाईंनी दिवसाचीही एक शिस्त लावून दिली आहे: ओठ मिटलेले, दात सुटे. एरवी वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेलेच नसतात म्हणे. मला हे नवीन होतं. ताण आणि जास्त चहा, दोन्हींनी ही खोड वाढू शकते. मी पतपेढीत कॅशियर आहे, शिवाय दिवसाला सात कप चहा. तो आता तीनवर आणलाय.

परवा कॅश ५० रुपयांनी कमी भरली. तिसऱ्यांदा नोटा मोजताना लक्षात आलं, दाढा घट्ट आवळलेल्या. मध्ये जीभ घालून सोडवल्या. ५० रुपये अजून सापडलेले नाहीत.