कोल्हापुरात दोन दिवस: काय खायचं, कुठं खायचं आणि मुख्य म्हणजे कधी खायचं

कोल्हापूरला जायचं नक्की झाल्यावर सगळ्यात आधी मी ऑफिसातल्या कोल्हापूरच्या एका सरांना विचारलं, मटण कुठं खायचं. मग बिल्डिंगमधल्या वहिनींना, त्यांचं माहेर कसबा बावड्याचं. मग नवऱ्याच्या कॉलेजच्या मित्राला. तिघांची तीन वेगळी नावं आणि दुसऱ्यांनी सांगितलेल्या नावावर प्रत्येकाचं एकच म्हणणं, "तिथं आता पहिल्यासारखं राहिलं नाही." शेवटी वहीत पद्मा, ओपल, देहाती, परख अशी बरीच नावं झाली आणि मिसळीची वेगळी, फडतरे, बावडा, चोरगे, खासबाग. दोन दिवस, चार माणसं, त्यात सासूबाई शुद्ध शाकाहारी आणि लेक आठ वर्षांची, तिला तिखट अजिबात चालत नाही. एवढ्या यादीचं करायचं काय हे ट्रेनमध्ये बसेपर्यंत ठरलं नव्हतं. म्हणून आता जाऊन आल्यावर सविस्तर लिहितेय, म्हणजे अशीच फॅमिली घेऊन जाणाऱ्यांना तरी नीट प्लॅन करता येईल.

आम्ही डोंबिवलीचे, त्यामुळे शुक्रवारी रात्री कल्याणहून महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली, सकाळी कोल्हापुरात. रविवारी रात्री परतीला पण हीच गाडी. म्हणजे सुट्टी न टाकता पूर्ण दोन दिवस मिळतात, फक्त तिकीट आधी काढून ठेवा, शनिवार-रविवारचं ऐन वेळी मिळत नाही. गाडीने येणार असाल तर पुणे-कोल्हापूर हायवेवर सहापदरीच्या कामाने जागोजागी डायव्हर्जन आहेत, मित्राने निघताना वेळ हाताशी ठेवा असं बजावून सांगितलं होतं. लॉज स्टेशनजवळ शाहूपुरीत भरपूर आहेत पण आम्ही देवळाच्या बाजूला घेतला आणि तो निर्णय एकदम बरोबर ठरला, कारण अंबाबाईचं देऊळ, भवानी मंडप, बिंदू चौक, खासबाग मैदान, पापाची तिकटी हे सगळं चालत होतं. रंकाळा तलावाला आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे दुखतात म्हणून रिक्षा केली, नाहीतर तेही लांब नाही.

पहिल्या सकाळी सामान टाकलं, आंघोळी केल्या आणि खाली रिक्षावाले मामा उभे होते त्यांना मी तोच प्रश्न विचारला, इथली सगळ्यात भारी मिसळ कुठली. ते म्हणाले, "वैनी, सगळ्यात भारी असं काय नसतंय. पोरगी बरोबर हाय, म्हातारं माणूस हाय, आधी दर्शन का आधी खाणं ते सांगा, मग सांगतो." माझ्यासाठी सगळ्या ट्रिपचा खरा सल्ला हाच होता. इथं हॉटेलचं नाव विचारण्यापेक्षा आत्ता, या वेळेला, या माणसांना घेऊन कुठं जाऊ असं विचारा, उत्तर एकदम नेमकं मिळतं.

त्यांनी आधी दर्शन करायला लावलं. शनिवार-रविवारी उन्हं चढली की रांग लांबत जाते, आणि लांबची रांग नको असेल तर मुखदर्शनाची वेगळी सोय आहे, बाहेरून दर्शन होतं पण ज्येष्ठांना बरं पडतं. नवरात्रात आणि किरणोत्सवाच्या दिवसांत, म्हणजे 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी आणि 9 ते 11 नोव्हेंबर, मावळतीची किरणं देवीपर्यंत पोचतात ते बघायला खूप लोक येतात, तेव्हा खाण्यापिण्याचा पण सगळा हिशोब त्या गर्दीप्रमाणे करा.

दर्शन झालं आणि आम्ही शिवाजी उद्यमनगरात फडतऱ्यांच्या मिसळीला गेलो. बाहेर थांबायला लागलं, साधारण अर्धा तास, पण बाकं पटापट रिकामी होतात कारण इथं लोक मिसळ खायला येतात, गप्पा मारत बसायला नाही. आता मिसळीचं नीट सांगते कारण आपल्याकडे त्याबद्दल गैरसमज फार आहेत. ताटलीत खाली मटकी, बटाट्याची भाजी, वर चिवडा-शेव, बारीक कांदा, कोथिंबीर आणि त्यावर कट ओतलेला. कट म्हणजे तोच लाल पातळ रस्सा, आपल्याकडे ज्याला तर्री म्हणतात त्याच्या जवळचा. पण नुसता तिखट नव्हे! पहिल्या घासाला कांदा-लसूण चटणीचा भाजका वास येतो, मग सुक्या खोबऱ्याचा किंचित गोडवा आणि तिखट नंतर हळूहळू घशाशी येतं. आणि बरोबर पाव नाही, स्लाइस ब्रेड. मला आधी वाटलं ब्रेड कशाला, पण ती स्लाइस कटात बुडवून पटकन तोंडात टाकली की का देतात ते कळतं, पाव फुगून बसतो आणि ब्रेड सगळा कट पिऊन घेतो. कट परत मागितला तर लगेच देतात, संकोच करू नका.

आमच्या बाकावर एक कॉलेजची मुलगी बसली होती, लेकीला ठसका लागला तसं तिने आपली पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाली, "मी पण लहान होतो तवा असंच व्हायचं, तिला आधी नुसती मटकी खायला दे." लेक नंतर मला विचारते, ती ताई 'होतो' का म्हणाली. कोल्हापुरात बायका पण मी आलो, मी गेलो असंच बोलतात, ते पहिल्यांदा कानावर आलं की इतकं गोड वाटतं! आणि तिचा सल्ला तंतोतंत लागू पडला. लहान मुलांसाठी कट वेगळ्या वाटीत मागून घ्या, कोरडी मिसळ आधी त्यांना द्या. मिसळ ही सकाळची गोष्ट आहे हेही लक्षात ठेवा, दुपार झाली की बऱ्याच ठिकाणी संपते, त्यामुळे जेवायच्या वेळेला मिसळ खाऊ असा प्लॅन करू नका.

दुपारी आईंसाठी शाकाहारी. याची मला सगळ्यात जास्त काळजी होती आणि तीच सगळ्यात सोपी निघाली. कोल्हापूर-सांगली भागात अख्खा मसूर म्हणून जो प्रकार मिळतो तो शाकाहारी माणसाने चुकवू नये, जाडसर रश्शात शिजलेला अख्खा मसूर, वरून कांदा-लिंबू आणि गरम रोटी. आईंनी दोन रोट्या खाल्ल्या, एरवी त्या प्रवासात अर्धी पण खात नाहीत. बरोबर खर्डा आला होता, हिरव्या मिरचीचा, तो मात्र जपून, बोटाच्या टोकाएवढा. आणि हो, मेनूकार्डवर व्हेज कोल्हापुरी दिसलं तरी ते मागवू नका, ती बाहेरच्या हॉटेलांनी चालवलेली भाजी आहे, इथल्या घरात कोणी करत नाही.

संध्याकाळी खासबाग मैदानाजवळ राजाभाऊंची भेळ. शाहू महाराजांनी कुस्तीसाठी बांधलेलं हे मैदान, लाल मातीचा आखाडा आणि भोवती चढत जाणाऱ्या पायऱ्या, बघायला मिळालं तर नक्की बघा. भेळ लेकीला प्रचंड आवडली. पण त्या दिवसाची खरी गोष्ट गंगावेशीतला दूध कट्टा. संध्याकाळ झाली की म्हशी आणून बांधतात आणि गिऱ्हाईक आलं की समोर धार काढून देतात. आमच्या समोर एका आजोबांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली, उकिडवे बसले, आणि पितळी भांड्यात धारेचा आधी टणटण असा आवाज, मग दूध भरत गेलं तसा तो आवाज बदलून घुसळल्यासारखा झाला, वर चार बोटं फेस. ग्लास हाताला कोमट लागतो. नवऱ्याने उभ्या उभ्या एक ग्लास संपवला, शेजारी तालमीतली दोन पोरं होती त्यांनी दोन-दोन. हे दूध न तापवलेलं असतं, त्यामुळे मी लेकीला आणि आईंना दिलं नाही, गरोदर बायका, लहान मुलं, पोट नाजूक असलेली माणसं यांनी फक्त बघावं. त्यांच्यासाठी सोळंकी नाहीतर इंपिरियलला जा, कोल्हापुरात कोल्ड्रिंक म्हटलं की थंड दुधाचं मिळतं, बाटलीतलं नव्हे.

आणि मग आम्ही चूक केली. रात्री दमलो होतो, लॉजजवळच एक हॉटेल होतं, बाहेर मोठा 'अस्सल कोल्हापुरी' बोर्ड, ऑनलाइन रेटिंग चारच्या वर, फोटो पण सुंदर. आम्ही दोघांनी मटण थाळी मागवली. तांबडा रस्सा लालभडक, पण दाट, वर तेलाचा जाड थर, आणि पांढरा रस्सा तर पिठी लावल्यासारखा चिकट आणि कोमट. मटण चावता चावेना. बिल मात्र पूर्ण. वाईट पैशांचं नाही वाटलं, कोल्हापुरात येऊन पहिलं मटण असं निघालं याचं वाटलं, नवरा तर पुण्यात असल्यापासून या रश्शाबद्दल ऐकत आलेला.

रविवारी सकाळी मामांनाच बोलावलं होतं, त्यांना सांगितलं तर त्यांना स्वतःलाच लागलं. म्हणाले, "रस्सा प्यायचा असतोय वैनी, वाटी तोंडाला लावायची. दाट झाला की त्यो रस्सा नव्हं." मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. मटण आधी हळद-मिठात शिजवतात, त्या पाण्याला अळणी म्हणतात, आणि दोन्ही रश्शांचा जीव त्या अळणीत असतो. अर्धी अळणी नारळाच्या दुधात, काजू-खसखस आणि खडा मसाला, तो पांढरा. अर्धी कांदा-लसूण चटणीत, भाजलेलं खोबरं आणि तीळ, तो तांबडा. मटण वेगळं सुकं करतात. म्हणजे अळणी चांगली नसेल तर वरून कितीही रंग आणि तेल घाला, उपयोग नाही. बुधवार-रविवार सगळं गाव मटण खातं, त्यामुळे माल ताजा आणि गर्दी प्रचंड, तर शनिवारी बरीच माणसं खात नाहीत. "रविवारी बाराच्या आत बसायचं, दीडला गेलासा तर उभं ऱ्हावं लागतंय."

त्यांचं ऐकून पावणेबाराला लक्ष्मीपुरीत पद्मा गेस्ट हाऊसला गेलो, आई आणि लेक जवळच डोसा खायला गेल्या. साधी खानावळ, सजावट वगैरे काही नाही. ताटात सुकं मटण, दोन वाट्या, भाकरी, कांदा-लिंबू. मी पांढऱ्या रश्शाची वाटी तिरपी करून बघितली, पाण्यासारखा वाहिला. तोंडाला लावला तर आधी नारळ, मग लवंग-दालचिनीचा अगदी हलका वास आणि शेवटी मटणाची चव, इतका सौम्य की लेकीला पण चालला असता. तांबडा पण पातळच, घाम आला पण जीभ भाजली नाही. वाढपी दादा वाटी रिकामी दिसली की थांबतच नव्हते, "पांढरा का तांबडा? घ्या की, लाजू नका." नवऱ्याने पाच वाट्या तरी घेतल्या असतील आणि मधे एकदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं, बोलला काहीच नाही. आम्ही उठलो तेव्हा दारात रांग लागलेली होती. तर ज्यांना खायचंय त्यांनी आधी पांढरा प्या, भाकरी तांबड्यात कुस्करा, सुकं मटण वेगळं खा आणि भात अगदी शेवटी, नाहीतर रश्शाला पोटात जागाच राहत नाही.

पन्हाळा साधारण वीस किलोमीटर, दुपारनंतर जाऊन आलो. तिथं वर बायका झुणका-भाकर, दही आणि खर्डा विकतात, शाकाहारी मंडळींनी जेवण तिथंच ठेवलं तरी चालेल, आईंना तर अख्ख्या मसुरापेक्षा ते दही-भाकर जास्त आवडलं. परत येताना घाई झाली त्यामुळे जोतिबा राहिला.

घरी न्यायला कांदा-लसूण चटणी घ्या, पण पॅकेटवरचं नाव बघून नको, थोडी हातावर घेऊन वास घ्या, खोबऱ्याचा खवट वास आला तर सोडून द्या. चटणी दोन पिशव्यांत घाला, आमच्या बॅगेतल्या कपड्यांना अजून वास येतोय. गूळ पण इथलाच घ्यावा, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला आहे, आणि फार पिवळाधमक घेण्यापेक्षा जरा काळसर घ्या असं दुकानदार काकांनी स्वतःच सांगितलं. चपलांसाठी पापाची तिकटी, घासाघीस होते, पायात घालून दहा पावलं चालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

बावडा मिसळ राहिली, वहिनींना अजून तोंड दाखवलेलं नाही. आता डिसेंबरात परत जायचं म्हणतोय, ऊसाचा हंगाम असेल तर गुऱ्हाळावर गरम काकवी खायला मिळेल, आणि मामांनी सांगितलंय की या वेळी बुधवार धरून या.