पंधरा सेकंदांचा तुकडा आणि मागे राहिलेले गाणे

नाशिकच्या कॉलेज रोडवर किंवा गंगापूर रोडवर एखाद्या कॅफेत थोडा वेळ बसले, तर शेजारच्या टेबलांवरील मोबाइलमधून जी गाणी तुकड्यातुकड्याने कानांवर येतात, त्यांतली कित्येक ती ऐकणाऱ्या मुलामुलींच्या जन्माआधीची असतात. जुनी लोकप्रिय गाणी पुन्हा वाजावीत यात नवल नाही. नवल वाटते ते अल्बमच्या मध्यावर कुठेतरी पडून राहिलेल्या, प्रसिद्ध झाले त्या वर्षी फारसे कोणी न विचारलेल्या गाण्याला दहा-वीस वर्षांनी अचानक मागणी येते, याचे. ‘चांगले गाणे कधी ना कधी लोकांपर्यंत पोहोचतेच’ असे स्पष्टीकरण यावर नेहमी दिले जाते. मला ते पटत नाही, कारण तितकीच चांगली असंख्य गाणी आजही कुठेच पोहोचलेली नाहीत.

अमेरिकन गायिका लेडी गागाच्या ‘ब्लडी मेरी’चे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. हे गाणे २०११ च्या ‘बॉर्न धिस वे’ या अल्बममधले. त्या अल्बममधील इतर काही गाणी सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमपासून वेगळी एकेकटी, निघाली आणि गाजली, पण हे मागेच राहिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘वेन्सडे’ ही मालिका आली आणि तिच्यात अभिनेत्री जेना ऑर्टेगाने केलेले विचित्र, हातवाऱ्यांचे नृत्य गाजले. मालिकेत त्या नृत्याला संगीत होते ‘द क्रॅम्प्स’ या बँडच्या एका जुन्या गाण्याचे. मात्र टिकटॉकवर कोणीतरी त्या दृश्यावर ‘ब्लडी मेरी’चा वेग वाढवलेला तुकडा बसवला. त्या तुकड्यात हातांनी नाचण्याचा उल्लेख आहे आणि पडद्यावरची मुलगीही हातांनीच नाचते आहे. हा मेळ इतका नेमका जमला की मालिकेतले मूळ गाणे लोकांच्या लक्षातच राहिले नाही. पुढे गागाने स्वतः त्या नृत्याचा व्हिडिओ केला, डिसेंबरमध्ये हे गाणे रेडिओसाठी सिंगल म्हणून दिले गेले आणि २०२३ च्या सुरुवातीला, प्रसिद्धीनंतर अकराहून अधिक वर्षांनी, ते अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या, बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत दाखल झाले.

मागे राहिलेल्या गाण्यालाच अशी संधी का मिळावी, याचे कारण मला त्या मागे राहण्यातच दिसते. सिंगल म्हणून निघालेल्या गाण्याबरोबर त्याचा व्हिडिओ, त्यातले कपडे, त्यातली नाचाची चाल हे सगळे लोकांच्या डोळ्यांत पक्के बसलेले असते. अल्बममधल्या दुर्लक्षित गाण्याला असे चेहरेपट्टीचे ओझे नसते, त्यामुळे त्यावर कोणीही कोणतेही दृश्य सहज चढवू शकतो. शिवाय ट्रेंडला अख्खे गाणे लागतच नाही. त्याला हवा असतो एखादी कृती करून दाखवता येईल असा तुकडा, आणि तो मुखड्यातच असेल असे नाही. गायिका टेलर स्विफ्टचे ‘क्रूएल समर’ २०१९ च्या अल्बममधले. २०२३ च्या दौऱ्यात प्रेक्षक ज्यावर बेंबीच्या देठापासून ओरडत होते आणि जो चित्रित करून पसरवत होते, तो भाग गाण्याच्या शेवटाकडे येतो. जून २०२३ मध्ये ते सिंगल झाले आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. वेग वाढवण्याची टूमही याच गरजेतून फोफावली आहे, कारण पळवलेल्या गाण्यात तेवढ्याच सेकंदांत जास्त शब्द बसतात. आता तर रेकॉर्ड कंपन्या स्वतःच अशा आवृत्त्या अधिकृतपणे काढतात. मला त्या ऐकवत नाहीत, हा भाग निराळा.

मात्र तुकडा पसरणे आणि गाणे हिट होणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि दुसरी घटना ट्रेंड घडवत नाही. तुकडा ऐकलेल्या माणसाला गाण्याचे नाव दिसावे लागते, पूर्ण गाणे लगेच सापडावे लागते आणि त्याचे ऐकणे कुठेतरी मोजले जावे लागते. ब्रिटिश गायिका केट बुशचे ‘रनिंग अप दॅट हिल’ १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले होते, म्हणजे ते अल्बममध्ये हरवलेले गाणे नव्हे, पण त्याची गोष्ट येथे लागू पडते. २०२२ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेमुळे ते पुन्हा उसळले. ब्रिटनच्या अधिकृत यादीचा नियम असा की जुन्या, उताराला लागलेल्या गाण्याला एक विक्री नोंदवण्यासाठी नव्या गाण्याच्या दुप्पट स्ट्रीम, म्हणजे ऑनलाइन ऐकण्याच्या नोंदी, लागतात. या गाण्यासाठी तो निकष बाजूला ठेवण्यात आला आणि जून २०२२ मध्ये, सदतीस वर्षांनी, ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले. म्हणजे ‘जुने’ कशाला म्हणायचे, हेही कोणीतरी कार्यालयात बसून ठरवलेले असते.

आपल्याकडे तुकडा पसरण्याचे काम तर धूमधडाक्यात चालते. जून २०२० च्या अखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली, लगेच जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणले आणि सगळी वर्दळ तिकडे वळली. २०२२ च्या नोव्हेंबरात पाकिस्तानातील एका लग्नातल्या नृत्यामुळे ‘मेरा दिल ये पुकारे आजा’ची रीमिक्स घरोघर पोहोचली. हे गाणे १९५४ च्या ‘नागिन’मधले, संगीत हेमंतकुमारांचे, आवाज लताबाईंचा. ‘नागिन’ म्हटले की पिढ्यान्‌पिढ्या ‘मन डोले मेरा तन डोले’ आणि त्यातली कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवलेली पुंगीच आठवत आली, त्या गाण्याच्या छायेतले हे गाणे इतक्या वर्षांनी पुढे आले. त्या हिवाळ्यात नाशिकमधल्या लॉन्सवरच्या संगीत समारंभांतही ते ऐकू येई, पण बहुतेक वेळा ठरावीक ओळ संपली की डीजे पुढच्या गाण्याकडे वळे. हेमंतकुमारांचे नाव त्या गर्दीत कोणाच्या तोंडी आल्याचे मी तरी ऐकले नाही.

मराठीत तुकडा आणि गाणे यांच्यातला हा तुटलेला दुवा अधिकच जाणवतो. शिवराज्याभिषेकाच्या तीनशेव्या वर्षाच्या निमित्ताने हृदयनाथ मंगेशकरांनी ‘शिवकल्याण राजा’ हा अल्बम केला. त्यात रामदासांची, कवी भूषणाची रचना आहे, तसेच कुसुमाग्रजांचे ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ही आहे. शिवजयंती जवळ आली की या अल्बममधले तुकडे रील्सवर येऊ लागतात: गडाचा कडा, भगवा, ढोल आणि त्यावर एखादी चढती ओळ. ‘वेडात मराठे’मधून उचलली जाते ती बहुधा त्वेषाची ओळच. त्या कवितेत सैन्य रण सोडून पळाल्याची लाज आहे, महाराजांच्या बोलांची सल आहे आणि शेवटी दगडांवर उरलेल्या खुणाही आहेत. प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सोबती परत आले नाहीत, हे तर गाण्याचे मर्म आहे. तुकड्यात मात्र घोडे निघालेले दिसतात आणि तिथेच व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

त्या रीलखाली अनेकदा गाण्याचे नावच नसते. वापरकर्त्याने स्वतः चढवलेला आवाज ‘मूळ ऑडिओ’ म्हणून त्याच्याच खात्याच्या नावाने दिसतो आणि पुढचे शेकडो लोक तोच उचलतात. ज्या शहरात कुसुमाग्रजांनी आयुष्य घालवले, त्याच शहरातला एखादा मुलगा गोदाघाटावर चित्रित केलेल्या रीलवर त्यांचे शब्द लावतो आणि त्याला ते कोण्या अनोळखी खात्याचे वाटतात. यात मुलाचा दोष मी मानत नाही, कारण नाव त्याला कोणी दाखवलेलेच नाही. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांचा मानधनावरचा हक्क बळकट झाला हे खरे, पण रचना कोणाची हे नोंदलेच गेले नाही तर हिशेब कोणाच्या खात्यावर मांडणार?

अमेरिकेत २०२५ मध्ये गायिका कॉनी फ्रान्सिस यांचे १९६२ मधले ‘प्रिटी लिटल बेबी’ असेच टिकटॉकवर उसळले, आणि आपण ते गायलो होतो हेच त्यांना आठवत नव्हते. तरीही नाव त्यांचेच झाले. जुलैमध्ये वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी त्या गेल्या, पण त्याआधी जगभरचे लोक आपले गाणे गुणगुणत आहेत हे त्यांनी पाहिले. आपल्या जुन्या कॅसेटच्या आतल्या कागदावर गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावे बारीक अक्षरांत का होईना, छापलेली असत. तीच ध्वनिमुद्रणे आज ज्या कंपन्यांकडे आहेत, त्यांच्या डिजिटल यादीत पुष्कळदा गायकाच्या नावावरच काम भागवलेले दिसते. तो कागद समोर ठेवून उरलेली दोन नावे भरायला कोणत्याही ट्रेंडची वाट पाहावी लागत नाही.