गणपतीची रजा मागताना ‘घरगुती कार्यक्रम’ लिहू नका

अमेरिकेत फेडरल सरकारच्या नोकरीत असलेली आपली मंडळी गणपतीसाठी रजा मागताना ‘घरगुती कार्यक्रम’ एवढंच लिहितात. संकोच समजतो, पण तो महागात पडतो. रजेचं कारण धार्मिक आहे हे सुपरवायझरला माहीतच नसेल, तर नकाराला धार्मिक भेदभाव म्हणणं अवघड होतं. पुढे त्रास झाला तर तो या मागणीमुळेच झाला हेही दाखवता येत नाही.

म्हणून ईमेलमध्ये सरळ लिहा: सण कोणता, स्थापना-विसर्जन कधी, किती तास नसाल आणि ते तास कधी भरून द्याल. ‘रिलिजस कॉम्प टाइम’साठी, म्हणजे धार्मिक कारणासाठी घेऊन जादा कामाने भरून द्यायच्या सुट्टीसाठी, हे सगळं लागतंच. यात हक्काची रजा खर्च होत नाही. आठ तास गेलात तर आठ तास जादा काम, वाढीव दर नाही. ते सणाआधीच्या किंवा नंतरच्या १३ पगारी पंधरवड्यांत करायचं. तिथी सरकते, तेव्हा पंचांग पाहून लवकर मागा.

नकार आला तर कारण लेखी घ्या. सहकाऱ्यांना सवलत खटकते, हे कारण चालत नाही. रविवारी पार्सलं वाटायला नकार देणाऱ्या टपाल कर्मचाऱ्याच्या खटल्यात (ग्रॉफ विरुद्ध डीजॉय, २०२३) सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की नकार द्यायचा तर कामाच्या स्वरूपाच्या मानाने भरीव बोजा पडतो हे मालकाने दाखवायला हवं.

सगळ्यात जास्त प्रकरणं मात्र मुदतीत बुडतात. घटनेपासून ४५ दिवसांत ईईओ (समान रोजगार संधी) काउन्सेलरला, म्हणजे भेदभावाच्या तक्रारी आधी ऐकणाऱ्या खात्यातल्या समुपदेशकाला, गाठायचं असतं. २० ऑगस्टला नकार आला, तर ४ ऑक्टोबरपर्यंत. ‘साहेबांशी बोलणं चालू आहे’ म्हणून घड्याळ थांबत नाही. नोव्हेंबरमध्ये सूडापोटी शिफ्ट बदलली, तर तिचे ४५ दिवस वेगळे मोजायचे. पण त्यामुळे ऑगस्टची हुकलेली मुदत परत मिळत नाही. काउन्सेलरची अंतिम नोटीस हातात पडली की औपचारिक तक्रारीला फक्त १५ दिवस.

युनियनकडे जाण्याआधी तिचा खात्याशी झालेला करार वाचा. त्यात भेदभावाचे वाद घेता येत असतील, तर लेखी ग्रीव्हन्स (करारातली तक्रार) आधी दिल्यावर त्याच बाबीवर ईईओ तक्रार करता येत नाही. आणि तक्रारीचा तपास चालू असताना नवा त्रास सुरू झाला, तर तपास संपायच्या आत तो त्याच तक्रारीत जोडून घ्या.