ई-बुक कुठल्या फॉरमॅटमध्ये करू? तुम्ही विचारलंत म्हणून

"लिहून झालंय. आता ई-बुक करायचंय. पीडीएफ करू की ईपब?" महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न माझ्याकडे येतो. विचारणाऱ्यांमध्ये आत्मचरित्र लिहून बसलेले निवृत्त शिक्षक असतात, प्रबंधाचं पुस्तक करू पाहणारे अभ्यासक असतात, पहिला कवितासंग्रह हातात धरून बसलेली मंडळी असतात. वाचणारेही विचारतात: एकाच पुस्तकाच्या दोन-तीन फायली दिसतात, त्यातली कुठली उतरवून घेऊ?

थोडक्यात सांगायचं तर, पुस्तकाचा जीव सलग मजकुरात असेल तर ईपब, म्हणजे पडद्याप्रमाणे ओळी जुळवून घेणारा ई-बुकचा फॉरमॅट, आणि पानाच्या मांडणीत असेल तर पीडीएफ. पण एवढ्यावर कुणाचं भागत नाही, कारण आपलं पुस्तक नेमकं कशात आहे याचा विचार आपण केलेलाच नसतो. मीही केला नव्हता.

माझ्या काकांनी आठवणी लिहिल्या होत्या, दोनशेच्या आसपास पानं. वर्डमध्ये पीडीएफ करायची सोय समोरच होती, म्हणून मी ए-फोर आकाराची पीडीएफ केली आणि मोठ्या हौसेनं त्यांच्या सहा इंची ई-रीडरमध्ये टाकून दिली. ए-फोर कागदाची रुंदी २१ सेंटिमीटर, त्या पडद्याची जेमतेम ९. म्हणजे पान निम्म्याहून लहान झालं आणि मी १२ पॉइंटात बसवलेलं अक्षर डोळ्यांपुढे आलं ते साधारण ५ पॉइंटाचं. काकांनी दोन बोटांनी पान मोठं केलं, तर ओळीचा शेवट पडद्याबाहेर गेला. ओळ संपेपर्यंत पान डावीकडे ओढायचं, मग पुढच्या ओळीसाठी पुन्हा उजवीकडे. परत येईतो कुठली ओळ वाचत होतो तेच हरवायचं. पहिलं प्रकरण त्यांनी नेटानं वाचलं आणि मग म्हणाले, "तू मला हे छापूनच दे बरं."

चूक पीडीएफची नव्हती. अडोबीनं १९९३ मध्ये पीडीएफ आणली ती नेमकी याच कामासाठी: इथे जे पान दिसतंय तेच पान दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही छपाईयंत्रावर तसंच्या तसं दिसावं. २००८ साली तिचं आयएसओ हे आंतरराष्ट्रीय मानकही झालं. पीडीएफच्या पोटात मुख्यतः एवढंच लिहिलेलं असतं की ही अक्षराकृती पानाच्या कडेपासून इतक्या अंतरावर ठेव, ती तिच्या शेजारी ठेव. इथे परिच्छेद संपला, हे शीर्षक आहे, ही तळटीप आहे, अशा खुणा वेगळ्या घातल्या तरच त्यात असतात, आणि बहुतेक जण त्या घालत नाहीत. म्हणून छापायला द्यायचं पुस्तक, नकाशे, गणिताची समीकरणं, आडवी पसरलेली कोष्टकं, पृष्ठ क्रमांकासह संदर्भ द्यावे लागतील असे ग्रंथ, यांना पीडीएफच लागते. जुन्या पुस्तकाचं स्कॅनिंग तर पानांची छायाचित्रंच असतात. ती पीडीएफमध्ये किंवा डेजाव्यू या स्कॅन केलेल्या पानांसाठीच्या फॉरमॅटमध्ये ठेवावीत आणि ओसीआर करून, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेऊन, खाली शोधता येईल असा मजकुराचा थर द्यावा.

ईपब वेगळ्या घराण्यातला. त्याची ओळख करून घ्यायची असेल तर एक प्रयोग जरूर करा. एखाद्या ईपब फाइलची प्रत काढा, तिच्या नावाच्या शेवटी ईपबच्या जागी झिप लिहा आणि उघडा. आत छोटीशी वेबसाइटच सापडेल! प्रत्येक प्रकरणाची एक्सएचटीएमएल, म्हणजे वेबपानांच्या भाषेतली फाइल, चित्रांचा फोल्डर, अक्षरं कशी दिसावीत हे सांगणारी सीएसएस फाइल, प्रकरणांचा क्रम सांगणारी एक यादी. शिवाय माइमटाइप नावाची एक चिमुकली फाइल, जिच्यात रोमन लिपीतली वीस चिन्हांची एकच ओळ असते: हा ईपब आहे. ही फाइल झिपच्या गाठोड्यात सगळ्यात आधी आणि न दाबता, म्हणजे कॉम्प्रेस न करता, ठेवावी लागते. हौसेनं आत काही बदलून नेहमीच्या झिप प्रोग्रॅमनं पुन्हा गाठोडं बांधलं की हा क्रम बिघडतो आणि काही ॲप पुस्तक उघडायलाच नकार देतात. एक अख्खी संध्याकाळ मी यात घालवली आहे. आत काही दुरुस्त करायचं असेल तर सिजिल किंवा कॅलिबर या ई-बुकच्या सॉफ्टवेअरमधला संपादक वापरा, गाठोडं ते नीट बांधतात.

प्रकरणाची फाइल उघडलीत तर दिसेल की मजकुराला नुसती जागा दिलेली नाही, त्याला ओळख दिलेली आहे. हे शीर्षक, हा परिच्छेद, हे अवतरण. ओळ कुठे मोडायची ते वाचणाऱ्याचा पडदा ठरवतो. काकांसाठी मी पुढे ईपब केला तेव्हा त्यांनी अक्षर चांगलं टपोरं केलं, ओळी आपोआप नव्यानं जुळल्या. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या वाचकालाही अशीच फाइल लागते, कारण कुठे थांबायचं आणि पुढचं प्रकरण कुठे सुरू होतं हे त्या खुणांवरूनच कळतं. जो वाचक आपल्या डोळ्यांसमोर नसतो त्याची सोय आधी पाहावी, असं मला मनापासून वाटतं.

मग पीडीएफचा ईपब करून घेतला तर? हा उपप्रश्न हमखास येतो. करून बघितलंय. त्या पुस्तकात काकांचं एक वाक्य होतं, "किनारा दिसेनासा झाला तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली." रूपांतरानंतर ते असं आलं: "िकनारा दिसेनासा", पुढे नवा परिच्छेद, "झाला तेव्हा मला", मग पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नाव, मग ४७ हा पृष्ठ क्रमांक, आणि त्यानंतर भीती. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या सार्वत्रिक पद्धतीत, साठवली जाते अक्षरानंतर. पीडीएफला फक्त दिसण्याची जागा ठाऊक, म्हणून ती उलटी येते. दोनशे पानांत अशा हजारो जागा. शेवटी मी मूळ वर्ड फाइल शोधून काढली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. ईपबवरून पीडीएफ दहा मिनिटांत होते. उलटा प्रवास आठवडे खातो.

ॲमेझॉनच्या किंडल या ई-रीडरचं काय, असंही विचारलं जातं. मोबिपॉकेट नावाच्या फ्रेंच कंपनीचा मोबी हा फॉरमॅट होता. ॲमेझॉननं २००५ मध्ये ती कंपनी घेतली, २००७ मध्ये किंडल आलं आणि मोबीच्या पायावर ॲमेझॉनचे स्वतःचे फॉरमॅट उभे राहिले. आज कुणी तुम्हाला मोबी करायला सांगत असेल तर तो सल्ला जुना झाला आहे. २०२२ पासून ॲमेझॉनच्या सेंड टू किंडल या सेवेनं ईपब पाठवता येतो, तिकडे तो त्यांच्या फॉरमॅटमध्ये बदलून घेतला जातो. फक्त केबल लावून ईपब थेट आत टाकलात तर तो उघडत नाही. लोक इथेच अडखळतात आणि फाइल खराब आहे असं समजतात.

कुलपाबद्दलही एक गोष्ट सांगतो. ईपब हे खुलं मानक आहे, आता ते डब्ल्यूथ्रीसी ही वेबची मानकं ठरवणारी संस्था सांभाळते, आणि ईपब ३.३ ही आवृत्ती २०२३ मध्ये आली. पण खुल्या फॉरमॅटवरही विक्रेता डीआरएमचं, म्हणजे फाइलची नक्कल रोखणारं, कुलूप लावू शकतो. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये आपलं ई-बुक दुकान बंद केलं तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण विकत घेतलेली पुस्तकं वाचता येईनाशी झाली. म्हणून विकत घेताना, जिथे मिळेल तिथे, मी बिनकुलपाचा ईपब घेतो आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवतो. स्वतःचं पुस्तक काढणार असाल तर कुलूप लावू नका. प्रामाणिक वाचकालाच त्याचा जाच होतो.

आता देवनागरीविषयी, कारण मराठी ई-बुकं बहुतेक इथेच घसरतात. हस्तलिखित युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असेल तर आधी ते युनिकोडमध्ये आणा. त्या जुन्या फॉन्टमध्ये साठवलेली असतात रोमन अक्षरं, वर फक्त देवनागरीचा मुखवटा असतो. वाचकानं ॲपमध्ये फॉन्ट बदलला की मुखवटा गळून पडतो आणि अख्खं पुस्तक अगम्य रोमन चिन्हांचं होतं.

दुसरं, पुस्तकाची भाषा मराठी आहे अशी नोंद फाइलमध्ये करा. ज्या फॉन्टमध्ये मराठीसाठी वेगळे आकार दिलेले आहेत, त्यात या नोंदीमुळे 'ल' आणि 'श' आपल्या सवयीच्या वळणाचे येतात. तिसरं, 'दऱ्या'. डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र या अर्थाचा दर्या, दोन्ही नीट वेगळे दिसतात का ते पाहा. गंमत म्हणजे 'दऱ्या' लिहायच्या दोन पद्धती प्रचलित आहेत, एक नुक्त्याच्या ऱ नं आणि दुसरी साध्या र ला एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारख्या, पण एका पद्धतीनं शोधलं तर दुसरीनं लिहिलेलं सापडत नाही. हस्तलिखितात सगळीकडे एकच पद्धत करून घ्या. आणि ओळींमधलं अंतर पॉइंटात बांधू नका, अक्षराच्या आकाराच्या दीडपट ठेवा. बांधलेल्या अंतरात वाचकानं अक्षर मोठं केलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो.

कवींना वेगळं सांगायला हवं. तुमची ओळ ही पानाची नाही, कवितेची आहे, म्हणून ईपब तुम्हालाही चालतो. फक्त पडद्यावर न मावल्यामुळे मोडलेली ओळ थोडी आत सरकून यावी अशी मांडणी करा, म्हणजे कवीनं मोडलेली ओळ कुठली आणि पडद्यानं मोडलेली कुठली हे वाचणाऱ्याला कळतं.

यातलं काहीही करायच्या आधी मात्र मूळ फाइलकडे वळा, कारण माझा बहुतेक वेळ तिथेच जातो. लोक शीर्षक म्हणजे जाड आणि मोठं अक्षर समजतात, नवं प्रकरण नव्या पानावर यावं म्हणून बारा वेळा एंटर मारतात. कागदावर ते खपून जातं, ईपबमध्ये मात्र बारा रिकामे परिच्छेद होऊन बसतात आणि अनुक्रमणिका तयारच होत नाही. वर्ड असो की लिबरऑफिस, प्रकरणाच्या नावाला हेडिंग १ ही शैली लावा, उपशीर्षकाला हेडिंग २, तळटीप तळटीपेच्याच सोयीनं घाला. ही फाइल जपून ठेवा. ईपब, पीडीएफ आणि पुढे जे काही येईल ते, सगळं हिच्यातूनच निघणार आहे. छपाईची पीडीएफ आली म्हणून मूळ फाइल पुसून टाकणारे लेखक मला भेटले आहेत. त्यांना पुन्हा सगळं टंकून घ्यावं लागलं, तेव्हा फार वाईट वाटलं.

ईपब तयार झाला की तो ईपबचेक नावाच्या मोफत साधनातून तपासून घ्या, तांत्रिक चुका ते ओळ क्रमांकासह दाखवतं. मग फाइल फोनवर घ्या, अक्षर सगळ्यात मोठं करा, पार्श्वभूमी काळी करा आणि एक प्रकरण शेवटपर्यंत वाचा. काळ्या रंगात ठरवून ठेवलेली शीर्षकं त्या काळ्या पडद्यावर गायब झालेली असतील, ती तेव्हाच सापडतात.