भंडारदरा: पाण्यापेक्षा काठाचे फोटो

फेब्रुवारीत भंडारदऱ्याला जाऊन आलो, आम्ही दोघंच, आणि मुद्दाम आठवड्याच्या मधले दिवस निवडले कारण वीकेंडला तिकडे टेंट आणि स्पीकर असतात आणि मला शांतता हवी होती. मुरशेतच्या बाजूला एका घरी राहिलो. सकाळी नागलीची भाकरी, दुपारी झोप, बाकी वेळ कॅमेरा घेऊन काठाकाठानं भटकणं. एवढाच प्लॅन.

तिथे सकाळचा फोटो चांगला येतोच. पाणी एकदम स्थिर, वर धुक्याचा पातळ थर, समोर रतनगड, आणि ऊन आपल्या डाव्या हाताकडून येऊन गडावर पडतं. फक्त धुकं असलं की कॅमेरा सगळं काळपट करतो, त्यामुळे एक्सपोजर साधारण एक स्टॉप वाढवून ठेवायचं, मोबाईलवर काढत असाल तरी ब्राइटनेस थोडी वर सरकवायची. मी असे भरपूर काढले आणि त्यातले काही मला मनापासून आवडलेत. पण रात्री स्क्रीनवर बघताना वाटलं की यातला गड झाकला तर हे पवना पण असू शकतं, मुळशी पण, कुठलंही पाणी. मग भंडारदऱ्याचं असं यात काय आहे?

मला वाटतं ते काठावर आहे. हे धरण आहे, विल्सन डॅम, 1910 ला काम सुरू झालं आणि 1926 ला पूर्ण झालं, म्हणजे आज आपण ज्याला आर्थर लेक म्हणून बघायला जातो ते सगळं प्रवरा नदीचं अडवलेलं पाणी आहे. पावसाळ्यात भरतं आणि नंतर खाली अकोले, संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडच्या शेतीला सोडत राहतात, ऊस त्यावरच उभा आहे. त्यामुळे हिवाळ्यापासून पाणी हळूहळू मागे सरकतं आणि झाडी आणि पाणी यांच्या मधे एक उघडा, फिकट मातीचा पट्टा तयार होतो. बरेच जण फ्रेममधून तो कापतात, उजाड दिसतो म्हणून. मला मात्र तोच सगळ्यात जास्त आवडला.

जवळून बघितलं तर त्या उतारावर एकाखाली एक बारीक रेघा असतात, पाणी जिथे जिथे काही दिवस थांबलं तिथे एक रेघ, अगदी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. वरच्या रेघांवर माती भेगाळलेली, त्यात गुरांचे खूर उमटून वाळून कडक झालेले, आणि खाली आलात की तेच खूर ओले, कडा अजून मऊ, आत पाणी साचलेलं. मी पोटावर झोपून हे काढत होते, पोलरायझर (लेन्सच्या पुढे लावायचा, चमक कापणारा फिल्टर) फिरवला की पाण्यावरची चमक जाते आणि काठालगतचे दगड तळापर्यंत दिसतात, म्हणजे उद्या परवा जे उघडं पडणार ते आजच दिसतं!

तिथेच एक आजी कपडे धूत होत्या. विचारलं, आजी, तुमचा फोटो काढू का, तर म्हणाल्या, "काढ की, पण मागचा रतनगड येऊ दे पोरी, नुसतं पाणी काय काढायचं." मग ज्या दगडावर त्या धूत होत्या त्याबद्दल म्हणाल्या की दिवाळीला हा पाण्यात असतो, आम्ही तेव्हा पार वर धुतो. या एका वाक्यानं माझा पुढचा सगळा वेळ ठरला. मी गड आणि धुकं सोडून माणसं पाण्याच्या मागे मागे कशी सरकतात तेच शोधत राहिले: गुरं पाण्याला उतरायची वाट, वर कोरड्यात राहिलेली आणि खाली नव्यानं ठोकलेली होडीची खुंटी, असं.

परतताना रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ बघितलं, सुंदरच आहे, पण तिथे फोटो फार नाही काढले, नुसती बसून राहिले.

आता मेच्या शेवटी परत जायचंय. लोक तेव्हा काजव्यांसाठी जातात, आणि गर्दी, गाड्यांचे हेडलाइट यानं काजव्यांचंच नुकसान होतं म्हणून मी रात्री जंगलात शिरणार नाही. मला दिवसा तोच उतार हवाय, त्याच दगडापासून त्याच लेन्सनं, पाणी तेव्हा बरंच खाली गेलेलं असेल. आजींना त्यांच्या फोटोची प्रिंट पण द्यायचीये, रतनगड पूर्ण आलाय त्यात.